ओनेझिमची काडतुसं

गावातला कोणी ओनेझिमकडे आला आणि बोलता बोलता "काका, यंदा कुठली गोळी वापरावी?" असं विचारून बसला, की त्याचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजावं. ओनेझिम त्याला मागच्या शेडमध्ये नेणार, स्टुलावर बसवणार, दुकानातली एक गोळी आणि आपली एक गोळी त्याच्या दोन तळहातांवर ठेवणार आणि विचारणार, "सांग, काय दिसतं?" कोणी काहीही उत्तर दिलं तरी ते चूकच असायचं.

"ही दुकानातली बघ," तो म्हणायचा. "टोकाला भोक, अंगाने मऊ, वजनाला हलकी. दोनशे पावलांवरच्या जनावरासाठी केलेली. तिथवर पोचेपर्यंत हिची मस्ती जरा उतरते, मग ती नीट काम करते. पण तू मारणार कुठे? आपल्या रानात. तिथे तीस पावलांपलीकडे स्वतःची बायको उभी असली तरी दिसायची नाही. एवढ्या जवळून ही अंगात शिरते ती पूर्ण तोऱ्यात, खांद्याच्या हाडावर आपटते आणि तिथेच फुटून भुगा होते. वरून जखम हीऽ एवढी, आत काही नाही. जनावर चालतं होतं आणि तू बसतोस गुडघ्यांवर रक्ताचे थेंब शोधत."

मग तो दुसऱ्या तळहाताकडे वळायचा. ती गोळी त्याने स्वतः ओतलेली असायची, बोथट तोंडाची, करंगळीएवढी जाड आणि हातात जड लागणारी. नदीकाठचा जुना छापखाना बंद पडला तेव्हा तिथले छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे त्याने पोती भरभरून आणले होते. तशा कडक शिशासारखं दुसरं शिसं नाही, असं त्याचं ठाम मत होतं. "जवळून मारायचं तर वेग नको, वजन हवं," तो म्हणायचा. "ही सावकाश जाते, पण हाडाला भीत नाही. या बाजूने शिरली की त्या बाजूने बाहेर. मांस नासत नाही. भोकाच्या कडेपर्यंत खाऊन घ्यावं."

हे सगळं तो नुसतं ऐकीव सांगत नव्हता. बत्तीस वर्षांपूर्वी दुकानातली गोळी घालून त्याने एका मूसच्या खांद्यावर मारलं होतं. ते घोड्याहून थोरलं, हरणाच्या जातीचं जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि गेलं. ओनेझिम तीन दिवस त्याच्या मागावर होता. चौथ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. त्या दिवसाबद्दल तो अजूनही असं बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस आत्ताच रानातून आलाय आणि त्याने बूटही काढलेले नाहीत. आदल्या दिवशी दुपारी काय जेवलो ते मात्र त्याला सांगता येत नव्हतं.

ही दुसरी गोष्ट त्याच्या मुलीखेरीज कोणाला फारशी ठाऊक नव्हती. रेजान सेहेचाळीस वर्षांची होती, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि आई गेल्यापासून वडिलांकडेच राहायला आली होती. तिने गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात सापडलेली पाहिली होती. एकाच संध्याकाळी घेवड्यात तीनदा मीठ पडलेलं खाल्लं होतं आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. उन्हाळ्यात एकदा ओनेझिम शेडच्या दारात उभा राहिला होता, हातात रिकामा चमचा घेऊन, आणि तिला म्हणाला होता, "ब्लांश, मी इथे काय करायला आलो गं?" ब्लांश हे तिच्या आईचं नाव. रेजानने त्याला कॉफी दिली आणि आपण ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता म्हणाल, एवढं दिसत होतं तर त्याला काडतुसं कशी भरू दिली? तेच तर सांगतोय. काडतुसं काढून घेतली असती तर त्या माणसात उरलं काय असतं? गावातली सात-आठ घरं दर वर्षी त्याच्याच हातची काडतुसं नेत. रस्त्यात लोक त्याला थांबवून विचारत ते गोळ्यांबद्दलच. त्याचं भरणं थांबवायचं, हे रेजान रोज ठरवायची आणि रोज पुढे ढकलायची.

त्यात त्या वर्षी परमिट लागलं. मूस मारायचा तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं. ओनेझिमने एकोणीस वर्षं न चुकता अर्ज केला होता आणि एकोणीस वर्षं त्याचं नाव निघालं नव्हतं. यंदा त्याने रेजानच्या नावाने भरायला लावला आणि पहिल्याच खेपेला तिचं नाव आलं.

"बघा," आल्फे म्हणाला होता. आल्फे म्हणजे शेजारचा, लाकडाचा ट्रक चालवणारा. "काका, देवालासुद्धा तुमचं तोंड बघून कंटाळा आलाय. पोरीचं बघून लगेच हो म्हणाला."

"देव शहाणा आहे," ओनेझिम म्हणाला. "त्याला माहितीये की माझे हात थरथरतात. गोळी ती मारेल. हाक मी देईन. आणि काडतूस माझं."

दोन महिने म्हातारा नुसता हवेत होता. कार्बाईन काढली, पुसली, पुन्हा पुसली. आखूड नळीची, खालच्या दस्त्याचा खटका मारून काडतूस चढवायची ती बंदूक रेजान पंधरा वर्षांची असल्यापासून ओळखत होती. ओनेझिमने तिला त्या बंदुकीचं सगळं शिकवलं होतं: मारलं की त्याच झटक्यात खटका मारायचा, नजर जनावरावरून हलवायची नाही, दुसरं काडतूस चढलेलंच असलं पाहिजे. फक्त एक गोष्ट त्याने तिला कधी शिकवली नाही. काडतुसं भरायला बसला की शेडचं दार बंद. आत कोणी नको, बायको नको, मुलगी नको. "दोघं असले की बोलणं होतं," तो म्हणायचा, "आणि बोलणं झालं की हात चुकतो."

यंदाही दार बंद करून त्याने वीस काडतुसं भरली आणि तिच्या हातात डबी दिली. रेजानने आपल्या खोलीत एकेक काडतूस कानाशी हलवून पाहिलं. काही वाजलं नाही. आणि त्यातच तर मेख होती. ओनेझिम दारू काठोकाठ भरायचा आणि वरून गोळी दाबून बसवायचा, म्हणजे आत हलायला जागाच नाही. भरलेलं काडतूस वाजत नसे आणि रिकामंही वाजत नसे. वजन करून पाहावं तर बारीक काटा शेडमध्ये, आणि शेडची किल्ली त्याच्या कमरपट्ट्याला. मागितली असती तर त्याने विचारलं असतं, कशाला? ती दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात गेली आणि दुकानातून एक डबी घेऊन आली.

परमिट सहा दिवसांचं होतं, सोमवार ते शनिवार. पहिले तीन दिवस पावसाने घेतले. चौथ्या आणि पाचव्या दिवशी असा उकाडा झाला की मूस झाडीतून हलेनात. गावातले बाकीचे लोक लाकडाच्या रस्त्यांवर गाड्या लावून दुर्बिणीच्या बंदुकांनी लांबून मारत होते. ओनेझिम त्यांच्याकडे बघून नाक मुरडत होता. शनिवारी पहाटे मात्र कडक गारठा पडला. रविवारी शिकारीला बंदी. जे काय व्हायचं ते आजच.

बटाट्याची शेतं संपतात तिथे गाडी ठेवून दोघं उतरले. भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही असा कायदा, म्हणून काडतुसं खाली उतरल्यावरच चढवायची. ओनेझिम पुढे जाऊन चिखलातले खूर बघत बसला होता, पाठमोरा. रेजानच्या नारिंगी जॅकेटच्या डाव्या खिशात त्याची काडतुसं होती आणि उजव्या खिशात दुकानातली. तो बघत नव्हता. तिने उजवीकडची चढवली असती तर त्याला काही कळलं नसतं. फार तर गोळी हाडावर फुटली असती, फार तर मूस गेला असता.

तिने डाव्या खिशात हात घातला.

का घातला, हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिला त्या पाठमोऱ्या माणसाची टोपी दिसत होती. आईने विणलेली, कानावर उसवलेली. तिला वाटलं, आपण याच्या पाठीमागे काहीतरी चोरून करतोय. त्याला फसवून मारलेला मूस त्याने आयुष्यभर मिरवायचा आणि आपण मान डोलवायची, हे तिला नको वाटलं. चार काडतुसं आत गेली.

दोघं झाडीत शिरले. दहा वर्षांपूर्वी तोडलेलं ते रान आता इतकं माजलं होतं की फर झाडांच्या फांद्या बाजूला सारल्याशिवाय पाऊल पडत नव्हतं. एका ओढ्याच्या वळणावर थोडी मोकळी जागा होती. तिथे ओनेझिमने तिला एका उन्मळून पडलेल्या झाडामागे बसवलं, स्वतः दोन हात अंतरावर बसला, भूर्जाच्या सालीचा कर्णा तोंडाला लावला आणि मादीची हाक दिली. लांबलचक, रडवी, शेवटाला वर चढणारी. थरथरणारे हात त्या हाकेत कुठेच ऐकू येत नव्हते.

पाऊण तास काही झालं नाही. त्याने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. मग पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. मग फांद्यांवर शिंगं घासल्याचा. ओनेझिमचा चेहरा असा उजळला की रेजानला तिच्या लहानपणचा बाप दिसला.

नर बाहेर आला तो थेट समोर, पंचवीस पावलांवर. आधी शिंगं आली, मग बाकीचं जनावर येतच राहिलं. तो जरासा वळला आणि खांदा उघडा पडला. रेजानने नेम धरला. "आत्ता," ओनेझिम ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तिने चाप ओढला.

फुस्स. बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज. खांद्याला धक्का नाही, धूर नाही. आणि तीस वर्षांच्या सवयीने तिचा हात खटक्यावर गेला, खटका खाली आला, रिकामं पितळ उडून बाहेर पडलं, पुढचं काडतूस वर आलं.

"हात काढ!"

तो आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. ओनेझिम आडवा होऊन तिच्यावर आला होता. त्याने एका हाताने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्याने दस्ता, असा की तो वर जाऊच शकला नाही. "हात काढ म्हणतो ना! गोळी नळीत आहे. नळीत अडकलीय ती. दुसरी मारशील तर बंदूक तुझ्या तोंडावर फुटेल."

तिने हात काढले. पंचवीस पावलांवर तो मूस दोघांकडे पाहत उभा होता. त्याला काही घाई नव्हती. मग त्याने तोंड फिरवलं आणि जसा आला तसा आत निघून गेला.

ओनेझिमने बंदुकीतली काडतुसं एकेक करून बाहेर काढली. हात थरथरत होते पण चुकत नव्हते. जमिनीवरचं रिकामं पितळ त्याने उचललं, आत डोकावलं, वास घेतला. "नुसती बुडाची ठिणगीची टोपी पेटलीय," तो म्हणाला. "आत दारूच नव्हती. कणभरसुद्धा नाही." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे कोणी भरलं?"

रेजान जमिनीवरची काडतुसं वेचायला लागली.

"गोळी माझ्या साच्यातली. पण तीस वर्षांत माझं एक काडतूस फुसकं निघालेलं नाही. म्हणजे हे माझं नाही. कोण गाढव बसलं होतं माझ्या बाकावर?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या डोळ्यांत स्वतःबद्दल कसलाही संशय नव्हता, आणि तो तिथे उमटेल या भीतीने रेजानचा जीव अर्धा झाला.

"मी," ती म्हणाली. "मी भरलं, पपा. चार भरून बघितली. डबीत मिसळली असतील."

घरी येईपर्यंत ओनेझिमच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "अक्कल गहाण ठेवली होतीस? हे काय शाळेतलं सूप आहे, मीठ राहिलं तर वरून घालायला? एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं थांबलो आणि माझ्या पोरीने माझ्या नाकासमोरून तो मूस घालवला. तुझी आई असती ना, तिने तुला लाटण्याने..." बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, तिच्या हातांकडे बघायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. रेजान गाडी चालवत होती. तिला एकच गोष्ट आत कुरतडत होती. पूर्वीचा ओनेझिम असता तर त्याने तिचं खोटं तिथल्या तिथे पकडलं असतं. तिने त्या शेडमध्ये कधी एक काडतूस भरलेलं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने ते मानलं, चटकन मानलं, आणि त्यातच तिला सगळं कळून चुकलं.

घरी आल्यावर त्याने पितळी दांडा आणि लाकडी हातोडी घेऊन नळीतली गोळी ठोकून बाहेर काढली, बंदूक पुसली, सूप प्यायला. त्याचा राग ओसरला होता. उलट तो जरा खुशीतच होता. इतक्या दिवसांनी कोणालातरी चुकीबद्दल रागावायला मिळालं होतं आणि चूक त्याची नव्हती.

तीन वाजता आल्फे आला. त्याने दारातूनच विचारलं, "कुठे टांगलाय?"

"तिला विचार," ओनेझिम म्हणाला. "बाईसाहेब काडतुसं भरायला लागल्यात. दारू घालायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं."

आल्फे हसला, मग रेजानचा चेहरा बघून हसायचा थांबला. तो आपली नेहमीची दोन डबे काडतुसं न्यायला आला होता. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू होतो. एक डबा त्याचा, एक त्याची बायको लॉरेट हिचा. ओनेझिम शेडमधून डबे घेऊन आला आणि टेबलावर ठेवले. "ही मात्र मी स्वतः भरलीयत," तो म्हणाला. "हिचा हात लागलेला नाही. डोळे मिटून चालव."

आल्फेने डबे उचलले.

रेजानला वाटलं, त्याच्यामागून बाहेर जावं, गाडीपाशी गाठून हळूच सांगावं. पण बाकीची घरं? त्यांनी तर आधीच नेली होती. आणि उद्या पुन्हा शेडचं दार बंद होणार होतं. सकाळी तिने स्वतःच्या तोंडासमोर ते काडतूस धरलं होतं, तो तिचा प्रश्न होता. लॉरेटच्या तोंडासमोर धरायचा तिला काही अधिकार नव्हता.

"आल्फे, ती नेऊ नकोस."

"का गं?" ओनेझिम म्हणाला. "सकाळी माझी बंदूक उडवायला निघाली होतीस, आता माझी काडतुसंही वाईट का?"

"पपा, सकाळचं मी भरलं नव्हतं."

"तूच म्हणालीस."

"खोटं बोलले. तुम्ही मला त्या बाकाजवळ कधी उभंसुद्धा राहू दिलं नाहीत. मला दारू मोजता येत नाही. टोपी कशी बसवतात तेही मला माहीत नाही."

ओनेझिम तिच्याकडे पाहत राहिला. "मग कोणी भरलं?"

आल्फे हातातल्या डब्यांकडे बघत होता. "काका, मी उद्या येतो," तो म्हणाला.

"बस," ओनेझिम म्हणाला. "आणि ते इकडे दे."

तो शेडमधून गोळ्या उपसायची हातोडी घेऊन आला. तिच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी सुटते आणि दारू आत सांडते. त्याने टेबलावर एक बशी ठेवली आणि सुरुवात केली. आपट, गोळी काढ, दारू बशीत ओत. पहिल्यात दारू. दुसऱ्यात दारू. सातव्यापर्यंत सगळ्यांत काठोकाठ दारू होती आणि ओनेझिम प्रत्येक वेळी रेजानकडे नजर टाकत होता. ती मनोमन प्रार्थना करत होती की आपण खोट्या ठराव्यात, सगळ्यांसमोर, चांगल्याच खोट्या ठराव्यात.

आठव्यातून नुसती गोळी पडली. त्याने हातोडी उलटी करून झटकली. पुन्हा झटकली. मग ती गोळी बाजूला ठेवली आणि नववं काडतूस घेतलं.

तो मध्ये कुठे थांबला नाही. चाळीसच्या चाळीस त्याने उपसली. चाळीसांत तीन रिकामी निघाली. तिसरं लॉरेटच्या डब्यातलं होतं. आल्फेने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"बाकीच्या घरी जा," ओनेझिम त्याला म्हणाला. "आत्ता जा. सगळ्यांकडून परत आण."

"जातो काका. सांगतो की यंदा दारूच खराब लागली."

"दारू चांगली आहे. म्हातारा चुकला म्हणून सांग."

"काका..."

"म्हातारा चुकला. एवढंच सांग. वर आणखी काही लावू नकोस."

आल्फे गेला. ओनेझिमने बशीतली दारू कागदात गुंडाळली. मग तो रेजानसमोर बसला. "तुला सकाळी माहीत होतं?"

"शंका होती."

"दुसरी काडतुसं होती जवळ?"

"उजव्या खिशात. दुकानातली."

"आणि तरी माझी घातलीस."

"हो."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, पपा."

ओनेझिमने दारूची पुडी बाजूला सारली. "मूर्ख पोरी," तो म्हणाला. "मला वाईट वाटलं असतं, तर उद्यापर्यंत मी विसरलोच असतो की."

रेजान रडायला लागली. तिला वाटलं होतं, त्याला आपल्या विसरण्याचा पत्ता नाही. त्याला सगळा पत्ता होता. तोही तिच्याइतकाच मूग गिळून बसला होता.

त्याने तिला रडू दिलं. मग कागद आणि जाड पेन्सिल मागितली. "तू लिहू नकोस," तो म्हणाला. "तुझं अक्षर बघितलं तर मी म्हणेन, पोरगी मला शेंडी लावतेय. माझ्या अक्षराला मी नाही म्हणू शकणार नाही." मोठ्या अक्षरांत, सावकाश, शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून त्याने लिहिलं:

ओनेझिम, चाळीसांत तीन रिकामी भरलीस. त्याखेरीज एक रेजानच्या बंदुकीत गेलं. तिला माहीत होतं आणि तरी तिने तुझ्यासाठी चाप ओढला. पुन्हा भरू नकोस.

खाली सही केली, तारीख घातली. शेडमध्ये जाऊन बाकाच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर, तो कागद त्याने चार खिळ्यांनी ठोकला. दारूचे डबे आणि टोप्यांची पाकिटं त्याच संध्याकाळी त्याने स्वतः आल्फेच्या ट्रकमध्ये चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोजच्यासारखा शेडमध्ये गेला. रेजान चुलीपाशी कुट्टूच्या पिठाच्या पातळ पोळ्या, प्लोय, टाकत होती. थोड्या वेळाने तो आला. चेहरा पांढराफटक. "रेजान," तो म्हणाला, "तिथे जे लिहिलंय ते खरं आहे?"

"खरं आहे, पपा."

तो खुर्चीत बसला, जणू कोणी मेल्याची बातमी आली होती. त्याच्यापुरती ती आत्ताच आली होती. तिसऱ्या दिवशीही ती तशीच आली, आणि चौथ्या दिवशीही.

बर्फ पडायला लागलं तरी हे संपलं नाही. रोज सकाळी त्याला नव्याने कळायचं. शेवटी डिसेंबरात रेजानच्याने बघवेना. दारू नाही, टोप्या नाहीत, मग कागद कशाला? तिने तो खिळे उपटून काढला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. त्या दिवशी ओनेझिम शेडमधून तावातावाने आला. कोणीतरी आपलं सामान चोरलंय. आल्फेच असणार, तो नेहमी हातांकडे बघतो. त्याने पोलिसांना फोन लावायला सांगितला, रेजानला चोराची साथीदार म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या बाकासमोर स्टुलावर बसून राहिला, जेवायलासुद्धा आला नाही. तो झोपल्यावर ती शेडमध्ये गेली आणि तिने स्वतःच्या हातांनी तो कागद पुन्हा ठोकला. प्रत्येक ठोक्याला तिला वाटत होतं, उद्या सकाळी आपण याला पुन्हा मारणार आहोत.

सकाळी तो आत आला तेव्हा तिने मान वर केली नाही.

"रेजान, ते खरं आहे?"

"हो, पपा."

"एक तुझ्या बंदुकीत होतं?"

"हो."

तो जवळ आला, तिच्या हातातला झारा काढून बाजूला ठेवला. "तुला लागलं नाही ना पोरी?" त्याने विचारलं, रोज विचारायचा तसंच, पहिल्यांदा विचारल्यासारखं. "नाही, पपा," ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यावर भरवसा न ठेवता त्याने तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून, एकेक बोट दाबून पाहिलं.